जेवलास का, असं विचारणारा कुलगुरू

गोष्ट अशी. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला नापास झालेला एक मुलगा. गाव आडवळणाचं. सांगणारा बीडचा असेल तर पाटोद्याकडचं, जालन्याचा असेल तर मंठ्याकडचं. एका विषयात चार गुण कमी पडलेले आणि बापानं बैल विकून फी भरलेली. (बैल विकल्याशिवाय आमच्याकडची शिक्षणाची गोष्ट सुरूच होत नाही.) मुलगा लाल डब्यानं औरंगाबादला येतो, मकाई गेटातून चालत मराठवाडा विद्यापीठ गाठतो आणि कुणाला काही न विचारता थेट कुलगुरूंच्या बंगल्याच्या फाटकाशी जाऊन उभा राहतो. दिवस मावळलेला. कुलगुरू फिरून परत येतात, त्याच्याकडे बघतात. बैठक क्रमांक विचारत नाहीत, विषय विचारत नाहीत. म्हणतात, "जेवलास का रे लेकरा?"

पुढचं प्रत्येकजण आपापल्या मनानं सांगतो. कुणाच्या गोष्टीत फेरतपासणी होऊन चार गुण वाढतात. कुणाच्या गोष्टीत एकही गुण वाढत नाही, पण पोरगं पोटभर जेवतं, पुन्हा परीक्षेला बसतं आणि पुढं तहसीलदार होतं.

ही गोष्ट मी तीनदा ऐकली. एकदा वसतिगृहात, एकदा अंबाजोगाईला स्टाफरूममध्ये आणि एकदा लग्नाच्या पंगतीत. तीनही वेळा कुलगुरूंचं नाव निराळं होतं. म्हणजे ती त्यांच्यापैकी एकाच्याही बाबतीत जशीच्या तशी घडलेली नसणार. म्हणून ती टाकून द्यायची का? मला वाटतं, विद्यापीठाच्या कुठल्याही अहवालापेक्षा या गोष्टीत मराठवाडा जास्त सापडतो. विद्यापीठ नावाच्या दगडी इमारतीत आपल्याला कुणी भाकरीचं विचारावं, ही खेड्यातून आलेल्या पहिल्या पिढीची भूक होती. ती पोटाची होती तशी मानाचीही होती. खरा कुलगुरू भेटला नाही, तर त्या पिढीनं तो तयार केला.

आता विद्यापीठाची माहितीपुस्तिका उघडा. स्थापना २३ ऑगस्ट १९५८, पंडित जवाहरलाल नेहरूंच्या हस्ते उद्घाटन. नामविस्तार १४ जानेवारी १९९४. कार्यक्षेत्र चार जिल्हे, उपकेंद्र धाराशिवला. मग विभागांची यादी आणि नॅकची, म्हणजे कॉलेज-विद्यापीठांचं मूल्यमापन करणाऱ्या संस्थेची, श्रेणी. या दोन तारखांच्या मध्ये पस्तीस वर्षं माणसं राहिली, भांडली, शिकली, मेली, याची खूणही तिथं नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे, की डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठानं आपल्याबद्दलच्या ऐकीव गोष्टी, दंतकथा, भांडणं, अफवासुद्धा, पद्धतशीर गोळा करून, तपासून, सगळ्यांना पाहता येतील अशा ठेवल्या पाहिजेत. सुवर्णमहोत्सव किंवा हीरकमहोत्सव आला की निघणाऱ्या स्मरणिकेचं हे काम नव्हे. स्मरणिकेत शुभेच्छा असतात आणि जाहिराती असतात. मी म्हणते ते खर्चाच्या अंदाजपत्रकात ज्याच्यासाठी ओळ असते तसलं काम. लोकांच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेची आठवणही लोकांचीच असते.

मुळात या विद्यापीठाचा इतिहास १९५८ला सुरू होतो, हेच मला मान्य नाही.

माझे आजोबा, आईचे वडील, मरेपर्यंत उर्दूत हिशेब करायचे. वही मराठीत, पण तोंडानं "सात सत्ते उनचास". त्यांच्या वेळी आमच्या अंबाजोगाईचं नाव मोमिनाबाद होतं, राज्य निजामाचं होतं आणि पुढं शिकायचं म्हणजे उस्मानिया विद्यापीठ. हैदराबादचं हे विद्यापीठ १९१८ साली निघालं आणि तिथं इतिहासापासून विज्ञानापर्यंत सगळं उर्दूत शिकवलं जाई. त्यासाठी पुस्तकं भाषांतरित करणारं दारुत्तर्जुमा नावाचं एक अख्खं खातं आधीच उभं केलेलं होतं. याचं कौतुक मला प्रामाणिकपणे वाटतं. वैद्यक आणि अभियांत्रिकी भारतीय भाषांत शिकवता येईल का, यावर आपण आजही परिसंवाद घेतो. त्या लोकांनी शंभर वर्षांपूर्वी ते करून दाखवलं. पण ती भाषा आमची नव्हती. ज्याच्या घरात ओवी आणि अभंग होते, त्याला ज्ञानाच्या दारात गेल्यावर जीभ बदलावी लागे. मराठवाड्याला आपलं विद्यापीठ का हवं होतं, हे या एका वाक्यात आहे, आणि माहितीपुस्तिकेत नेमकं तेच वाक्य नाही.

त्याच काळातली एक गोष्ट फार कमी विद्यार्थ्यांना माहीत असते. मी वर्गात विचारून पाहिलं आहे. नोव्हेंबर १९३८मध्ये औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजच्या वसतिगृहात मुलांनी प्रार्थनेच्या वेळी 'वंदे मातरम्' म्हणायला सुरुवात केली. कॉलेज उस्मानियाच्या अखत्यारीतलं. मनाई झाली, मुलं ऐकेनात. बघता बघता ते लोण हैदराबादला खुद्द उस्मानियाच्या वसतिगृहांत पोचलं, तिथून राज्यातल्या इतर कॉलेजांत. संप झाला, शेकडो मुलांची नावं काढून टाकण्यात आली. काढलेल्या मुलांना दुसरीकडे प्रवेश मिळणंही मुश्कील झालं. तेव्हा नागपूर विद्यापीठानं दार उघडलं. टी. जे. केदार तिथले कुलगुरू होते. नागपूरला गेलेल्यांत वारंगळच्या कॉलेजमधून काढलेला एक तेलुगू मुलगा होता, पी. व्ही. नरसिंह राव. तो १९९१ साली पंतप्रधान झाला.

या गोष्टीतलं मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते नागपूर. सत्तेनं काढलेल्या मुलांना जवळ करायचं की सत्तेची मर्जी राखायची, असा प्रश्न एका विद्यापीठासमोर आला आणि त्यानं मुलं निवडली. बरोबर एकेचाळीस वर्षांनी, नोव्हेंबर १९७९मध्ये, त्याच नागपूरच्या दीक्षाभूमीवरून प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली लाँग मार्च निघाला, तो औरंगाबादच्या दिशेनं, मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचं नाव द्या ही मागणी घेऊन. वाटेत लाठ्या आणि अटका. हा रस्ता इतिहासात दोनदा चालला गेला. एकदा इकडची मुलं तिकडं शिकायला गेली, एकदा तिकडची माणसं इकडं एक नाव मागायला निघाली. हे दोन प्रवास एका वर्गात, एकाच तासाला शिकवले गेल्याचं मी पाहिलेलं नाही. पहिला हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या धड्यात जातो आणि दुसरा जयंतीच्या भाषणात.

पहिले कुलगुरू एस. आर. डोंगरकेरी. मुंबई विद्यापीठाचं प्रशासन कोळून प्यायलेला माणूस. त्यांनी मुंबई आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांच्या आठवणींचं इंग्रजीत पुस्तक लिहिलं. म्हणजे सुरुवात वाईट नव्हती, आठवणी लिहून ठेवण्याचा पायंडा पहिल्याच खुर्चीनं पाडला होता. पण खुर्चीवरून जेवढं दिसतं तेवढंच खुर्ची लिहिते. फाटकावरच्या पहारेकऱ्याला काय दिसत होतं, हे त्याला कुणी विचारलं नाही.

विद्यापीठाच्या आधी नागसेनवन आहे, म्हणजे डॉ. आंबेडकरांच्या कॉलेजचा औरंगाबादमधला परिसर. १९४५ साली डॉ. आंबेडकरांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, १९५०मध्ये औरंगाबादला कॉलेज सुरू केलं आणि १ सप्टेंबर १९५१ला राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. नाव ठेवलं मिलिंद. मिलिंद म्हणजे मिनँडर, भिक्खू नागसेनाला एकामागून एक प्रश्न विचारणारा ग्रीक राजा. गंमत बघा, परिसराला नाव उत्तरं देणाऱ्याचं आणि कॉलेजला प्रश्न विचारणाऱ्याचं. कॉलेजला प्रश्नकर्त्याचं नाव ठेवणारा शिक्षणतज्ज्ञ आपल्याकडे दुसरा दाखवा. आपल्या कॉलेजांना संस्थापकाच्या आईवडिलांची नावं असतात.

आणि इथूनच पंधराएक किलोमीटरवर दौलताबाद आहे. १९३४ साली आंबेडकर आपल्या सहकाऱ्यांबरोबर वेरूळला निघाले असताना किल्ला बघायला तिथं थांबले. प्रवासाच्या धुळीनं सगळे माखलेले, म्हणून किल्ल्याच्या दाराशी असलेल्या हौदात हातपाय धुतले. लगेच आरडाओरडा झाला, यांनी हौद बाटवला. किल्ला बघू दिला तो शिपाई बरोबर देऊन, आत कुठं पाण्याला शिवू नये म्हणून. ही आठवण त्यांनी स्वतः लिहून ठेवली होती. ती छापून पुस्तिकारूपानं आली १९९०मध्ये, त्यांच्या पश्चात तेहतीस वर्षांनी, त्यांच्याच संस्थेकडून. ज्या माणसाच्या प्रत्येक कागदाला मोल आहे, त्याची आठवण एवढा काळ छापायची राहते. मग वसतिगृहाच्या खाणावळीत पोळ्या लाटणाऱ्या बाईच्या आठवणीचं काय होणार?

दौलताबादच्या हौदापासून मिलिंदच्या कोनशिलेपर्यंत सतरा वर्षं आणि पंधरा किलोमीटर. विद्यापीठात पहिल्या दिवशी येणाऱ्या मुलांना बसमध्ये घालून हा रस्ता दाखवावा, असं मला फार वाटतं. त्याऐवजी आपण त्यांना सभागृहात बसवून अँटी-रॅगिंगचं प्रतिज्ञापत्र भरून घेतो. तेही आवश्यक आहे, नाही म्हणत नाही.

मी तिथं एम.ए. मराठीला होते, १९८९ ते ९१. वक्ते म्हणून महाराष्ट्राला ठाऊक असलेले शिवाजीराव भोसले तेव्हा कुलगुरू होते. मराठी विभागाला यू. म. पठाणांची परंपरा होती. मुसलमान घरातला हा माणूस महानुभाव पंथाच्या पोथ्यांमागं लागला, त्यांच्या सांकेतिक लिपीत शिरला, हस्तलिखितं जमवली आणि १९९०च्या पुण्याच्या साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला. महानुभाव वाङ्मयाचा अभ्यास ही या विद्यापीठाची ओळख होती. म्हणूनच मला जे सुचवायचं आहे, त्याचा नमुना परदेशातून आणायची गरज नाही, तो विभागाच्या कपाटातच आहे.

'लीळाचरित्र' म्हणजे दुसरं काय आहे? चक्रधरस्वामी निघून गेल्यावर म्हाइंभट त्यांच्या सहवासातल्या माणसांकडे जाऊन बसला. स्वामी अमुक ठिकाणी काय बोलले, काय जेवले, कुणावर रागावले, हे त्यानं विचारून घेतलं, नागदेवाचार्यांकडून पारखून घेतलं आणि लिहून ठेवलं. सांगणाऱ्यांत बाया होत्या, साधी माणसं होती. पंडित सांगेल तेच खरं, असा त्याचा दंडक नव्हता. आणि एकच प्रसंग दोघांनी दोन तऱ्हांनी सांगितला, तर परंपरेनं एक पुसून दुसरा ठेवला नाही. वेगळ्या पाठाला 'वासना' म्हणून शेजारी जागा दिली. मराठी गद्याचा आरंभ असा गावोगाव फिरून माणसांना विचारण्यातून झाला. तेराव्या शतकात, टेपरेकॉर्डर नसताना. सातशे वर्षं जुनी पोथी जपायची कशी, हे ज्या विद्यापीठाला येतं, त्याला चाळीस वर्षांपूर्वीची आठवण जपता येऊ नये?

मग हे होत का नाही? पैसा नाही, माणसं नाहीत, हे उत्तर मला पटत नाही. खरं कारण वेगळं आहे. आठवणी विचारायला बसलं की नामांतर येणार, आणि नामांतराबद्दल एका खोलीत बसून बोलायची आपली तयारी नाही.

२७ जुलै १९७८ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला. त्यानंतर मराठवाड्यात जे झालं, ते विद्यापीठात झालं नाही, ते गावांत झालं. ज्यांनी विद्यापीठाची पायरी पाहिलेली नव्हती, त्यांची घरं जळाली. नांदेड जिल्ह्यात पोचिराम कांबळे यांना मारलं गेलं. पंधरा वर्षांनी, नाव अजून मिळालेलं नाही म्हणून, नांदेडमध्येच गौतम वाघमारे यांनी स्वतःला पेटवून घेतलं. मग १४ जानेवारी १९९४ला नामविस्तार झाला. नामांतर नव्हे, नामविस्तार. आंबेडकरांचं नाव आलं आणि 'मराठवाडा'ही राहिलं. या एका शब्दाच्या फरकात साडेपंधरा वर्षांची घासाघीस आहे. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावानं वेगळं विद्यापीठ निघालं. नांदेड, लातूर, परभणीकडची कॉलेजं तिकडं गेली आणि आठवणींचीही वाटणी झाली. १९८५ साली नांदेडहून येऊन इथं शिकलेल्या माणसाची गोष्ट कुणाच्या दप्तरात जाणार, हा प्रश्न तेव्हापासून अधांतरी आहे.

आमच्या खोलीत चौघी होतो. खाणावळीत एकत्र जेवायचो, बेगमपुऱ्यात एकत्र झेरॉक्स काढायला जायचो, लेण्यांच्या डोंगरावर चढून बीबी-का-मकबऱ्याचे फोटो काढायचो. दोन वर्षांत नामांतर हा शब्द ताटावर एकदाही आला नाही. एका रात्री लाइट गेली होती, तेव्हा नांदेडकडची मैत्रीण आपणहून बोलली. १९७८ला ती दहा वर्षांची होती. ती म्हणाली, घराला आग लावली तेव्हा आईनं पहिल्यांदा शिलाई मशीन बाहेर ओढली. भांडी नाही, धान्य नाही, मशीन. "त्या मशीनवर मी इथपर्यंत आले," एवढंच म्हणाली. नंतर लाइट आली आणि आम्ही अभ्यासाला बसलो. मी काही बोलले नाही. मला बोलता आलं नाही, कारण आमच्या घरात त्याच दिवसांना "त्या गडबडीत" असं म्हणत. गडबडीत एसटी बंद होती, गडबडीत मामाचं लग्न पुढं ढकललं. तिच्या घराची राख आणि आमच्या घरची गडबड एकाच तारखेच्या दोन वासना होत्या, आणि आम्ही एका खोलीत शेजारच्या कॉटवर झोपत होतो.

जुन्या जखमा कशाला उकरायच्या, असं जेव्हा कुणी म्हणतं, तेव्हा मी बघते की म्हणणारा कुठल्या घरातला आहे. ज्यांच्या घरी गडबड झाली होती, तेच बहुतेक असं म्हणतात. ज्यांची घरं जळाली, ते दर १४ जानेवारीला विद्यापीठाच्या गेटवर येतात. त्यांच्यासाठी ती उकरलेली जखम नसते, घरातलं वर्षश्राद्ध आणि घरातला सण दोन्ही त्या दिवशी असतं. जालना-बीडच्या खेड्यांतल्या म्हाताऱ्या, ज्या कधी शाळेत गेल्या नाहीत, त्या गेटला हात लावून तो कपाळाला लावतात. त्या दिवशी तिथं पुस्तकांची दुकानं लागतात आणि मिठाईपेक्षा पुस्तकं जास्त विकली जातात. शिक्षण न मिळालेल्या माणसांनी ज्याच्या दाराला देवळासारखा हात लावावा, असं दुसरं विद्यापीठ मला माहीत नाही. विद्यापीठाच्या संशोधनाला खरा विषय तिथं दर वर्षी आपल्या पायानं चालत येतो. आपण त्या दिवशी सुट्टीवर असतो.

दुसऱ्या बाजूचंही ऐकलं पाहिजे, आणि हे मी तोंडदेखलं म्हणत नाही. नामांतराला विरोध करणाऱ्यांत गोविंदभाई श्रॉफांसारखे मुक्तिसंग्रामाचे नेते होते. ज्यांनी निजामाविरुद्ध आयुष्य पणाला लावलं, त्यांना 'मराठवाडा' हा शब्द पुसला जाईल असं वाटलं. मला त्यांची भूमिका चुकीची वाटते. प्रदेशाचं नाव राखण्यासाठी प्रदेशातल्याच माणसांना इतकी वर्षं तिष्ठत ठेवणं, ही अस्मिता मला कळत नाही. पण निजामाशी लढलेला माणूस या वळणावर तिकडं का उभा राहिला, हे त्याच्या सोबत्यांच्या तोंडून नोंदवून ठेवलं नाही, तर उद्याच्या मुलाला फक्त दोन रंग दिसतील. त्याला हेही कळणार नाही की याच मराठवाड्यातले कितीतरी सवर्ण तरुण, समाजवादी, युवक क्रांती दलाचे, नामांतराच्या बाजूनं सत्याग्रह करून तुरुंगात गेले आणि त्यांच्या भावकीनं त्यांना लग्नाकार्याला बोलावणं बंद केलं.

आता एक दंतकथा, जी दंतकथा आहे की नाही हे एका दुपारी ठरवता येईल. मी वसतिगृहात ऐकलं होतं, की काही मुलांनी त्या वर्षांत पदवी घेतलीच नाही. पास झाले, पण प्रमाणपत्रासाठी अर्ज केला नाही. बाबासाहेबांचं नाव आल्यावरच कागद हातात घेईन, असा पण केला होता म्हणे. ऐकून अंगावर काटा येतो, आणि म्हणूनच मी सावध होते. अशी गोष्ट लोकांना हवीशी असते. पण पदवी प्रमाणपत्रांच्या नोंदवह्या असतात. १९७८ ते ९३मध्ये उत्तीर्ण झालेल्या कुणी कुणी १९९४नंतर प्रमाणपत्र मागितलं, हे त्यांत दिसेल. इतिहास विभागाचे दोन विद्यार्थी आणि परीक्षा विभागातला एक जुना कारकून एवढं मनुष्यबळ पुरे. चार नावं निघाली, तर मराठवाड्याच्या इतिहासात भर पडली. एकही निघालं नाही, तर सोळा वर्षं वाट बघणाऱ्या समाजानं स्वतःला कसली गोष्ट सांगून धीर दिला, हे कळलं. दोन्ही तऱ्हांनी लाभच आहे. म्हणून दंतकथा खोट्या असतात या आक्षेपाला मी भीत नाही. खोटी गोष्टही कुणीतरी कशासाठीतरी सांगितलेली असते.

आणि सगळ्याच गोष्टी अशा जड नसतात, बरं का. विद्यापीठाजवळच्या सोनेरी महालापासून दौलताबादपर्यंत भुयार आहे, ही आमच्या वसतिगृहाची लाडकी गोष्ट. महाराष्ट्रात ज्या जुन्या वाड्याखालून भुयार जात नाही, तो वाडाच नव्हे! त्या भुयारात शिरलेली एक वरात आजही अमावास्येला वाजते, असं सांगून सीनियर मुली आम्हाला रात्री बाहेर पडू देत नसत. पुढं लक्षात आलं, की ती गोष्ट रेक्टरबाईंच्या फार सोयीची होती. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर यानं सतराव्या शतकाच्या सुरुवातीला खेळवलेले नहरीचे पाट त्या भागातून गेलेले आहेत. जमिनीखालून वाहणाऱ्या त्या पाण्याच्या आवाजानं एखाद्या पोरीला वरातीचा भास झाला असेल, तर तीही नोंद हवी. मलिक अंबरची जलव्यवस्था शिकवायला याहून चांगली सुरुवात कोणती?

माझ्या प्रस्तावात फार काही नाही. इतिहास, मराठी, उर्दू, समाजशास्त्र, नाट्यशास्त्र, पत्रकारिता अशा विभागांतल्या एम.ए.च्या प्रत्येक विद्यार्थ्यानं एका माणसाची एक तासाची मुलाखत ध्वनिमुद्रित करायची आणि ती शब्दशः उतरवायची. प्रकल्पाचे गुण असतातच, ते याला द्यायचे. आज ते गुण आंतरजालावरून उचललेल्या चाळीस पानांना स्पायरल बांधून मिळतात. मुलाखत कुणाची? प्राध्यापकांची शेवटी. आधी शिपाई, माळी, खाणावळवाले, बेगमपुऱ्यात खोल्या भाड्यानं देणाऱ्या मावश्या, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे वाहणारे ड्रायव्हर, १९७४च्या विकास आंदोलनात रुंदमापी रेल्वे मागत रस्त्यावर आलेली तेव्हाची मुलं, आणि गेटला हात लावणाऱ्या त्या म्हाताऱ्या. सांगणाऱ्याला नाव लपवायचं असेल तर लपवावं, अमुक वर्षांनी उघडा म्हटलं तर तसं ठेवावं. एकाच घटनेचे चार पाठ आले, तर चारही शेजारी ठेवावेत, म्हाइंभटी रीतीनं. आणि जिथं नोंदवही, वर्तमानपत्र, न्यायालयाचा कागद आहे, तिथं तो शेजारी जोडावा. इतिहास विभागाचं वस्तुसंग्रहालय आहेच. तिथं नाण्यांच्या शेजारी आवाजांचं एक कपाट मावेल.

घाई का, तर वयाचं गणित. १९५८ला पहिल्या वर्षाला असलेली मुलं आज पंच्याऐंशीच्या घरात आहेत. १९७८ला विशीत असलेले सत्तरीला टेकलेत. करोनाच्या दोन वर्षांत अशी किती माणसं गेली, ते प्रत्येक कॉलेजच्या शोकसभांच्या ठरावात वाचा. कागदांची गतही काही वेगळी नाही. तालुक्याच्या एका कॉलेजात मी सत्तरच्या दशकातले वार्षिकांक बघायला गेले. ग्रंथपाल चांगला माणूस होता, खजील होऊन म्हणाला, "मॅडम, नॅकची समिती येणार होती म्हणून स्टॅक रिकामा केला, रद्दीत गेले." त्या अंकांमध्ये आज नाव झालेल्या कितीतरी कवींच्या पहिल्या कविता असणार. समिती आली, भिंतींना रंग होता, श्रेणी मिळाली.

त्या जेवणाच्या गोष्टीचा चौथा पाठ मला मागच्या उन्हाळ्यात मिळाला. विद्यापीठातून चतुर्थ श्रेणीतून निवृत्त झालेले एक काका ओळखीतून भेटले, वय अठ्ठ्याहत्तर. मी त्यांना ती गोष्ट सांगितली आणि कुलगुरू कोण होते असं विचारलं. ते हसायला लागले. म्हणाले, "साहेब कुठले? साहेब दौऱ्यावर होते. पोरगं फाटकाला धरून रडत हुतं. माझ्या घरवालीनं त्याला क्वार्टरवर आणलं, पिठलं-भाकर वाढली. शिकरणसुद्धा केली होती, मला आठवतं, केळी मीच आणली होती. साहेबांना त्यातलं काही ठाऊक नव्हतं."

"मग गोष्टीत साहेब कसे आले?"

"आता शिपायाच्या बायकोनं जेवू घातलं असं गावात सांगावं का त्यानं?"

काकू आतच होत्या. त्यांना विचारलं, तर म्हणाल्या, एक नाही गं, लई पोरं जेवून गेली, कुठलं ते आठवत नाही. एक्केचाळीस मिनिटांचं बोलणं मी फोनमध्ये भरून घेतलंय. ते कुठल्या विभागात, कोणत्या टेबलावर नेऊन द्यायचं, हे विचारायला मी दोनदा जाऊन आले. दोन्ही वेळा आवक-जावकच्या खिडकीतून मला सांगितलं, मॅडम, असं काही घ्यायची पद्धत नाही, लेखी अर्ज द्या. अर्ज दिलाय. फाईल अजून माझ्याच फोनमध्ये आहे.